शेतकरी उत्पादक कंपनीने सभासदांची ओळख आणि माहिती ब्लॉकचेनवर न्यावी का?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काय समजून उत्तर देत आहे हे स्पष्ट होईल. यावल तालुक्यातील आपली शेतकरी उत्पादक कंपनी केळी उत्पादकांची आहे. बाहेरगावच्या एका तंत्रज्ञान कंपनीने संचालक मंडळापुढे असा प्रस्ताव ठेवला आहे, की प्रत्येक सभासदाच्या मोबाईलमध्ये एक वॉलेट, म्हणजे डिजिटल ओळख आणि दाखले ठेवणारे ॲप, द्यायचे, त्यात त्याची ‘विकेंद्रित डिजिटल ओळख’ तयार करायची आणि आधार क्रमांक, गट नंबर, क्षेत्र, लागवडीची व कापणीची तारीख, उत्पादन, मिळालेला भाव ही सगळी माहिती ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी राहणाऱ्या आणि मागाहून पुसता न येणाऱ्या नोंदींच्या साखळीवर, नोंदवायची. माहितीचा मालक शेतकरीच राहील आणि पुढे ती कोणी विकत घेतली तर पैसे थेट त्याच्या खात्यात येतील, असे त्यांचे म्हणणे आहे. ही मालकी खरी आहे का आणि संचालक मंडळाने सही करावी का, असे आपण विचारले आहे; सभासदाचा मोबाईल हरवला तर काय, हेही शेवटी विचारले आहे.

माझ्या मते खरी अडचण या प्रश्नांच्या मागे आहे. उद्या ती तंत्रज्ञान कंपनी बंद पडली, सभासदाचा मोबाईल हरवला किंवा आपले संचालक मंडळ बदलले, तरी सभासदाला ‘मी कोण आणि मी काय पिकवले’ हे बँकेपुढे, विमा कंपनीपुढे आणि निर्यातदारापुढे सिद्ध करता आले पाहिजे. तसेच एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरली गेली, तर जाब विचारायला कोणीतरी समोर असले पाहिजे. या दोन कसोट्यांवर प्रस्ताव तपासला तर माझे मत असे आहे: ओळखीचा भाग घेण्यासारखा आहे, माहिती साखळीवर ठेवण्याचा भाग सरळ नाकारावा, आणि मालकीचे आश्वासन करारातील कलमांत उतरत नसेल तर त्यासाठी एक रुपयाही मोजू नये.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील पतसंस्था व उत्पादक कंपन्यांच्या सभासद नोंदी संगणकावर आणण्याचे आणि त्या सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे; पुढचे सगळे त्या अनुभवातून लिहिते. मात्र काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. किती सभासदांकडे स्वतःचा स्मार्टफोन आहे, माल मुख्यतः बांधावरच व्यापाऱ्याला जातो की निर्यातदाराला, आपली बँक असा डिजिटल दाखला स्वीकारायला तयार आहे का, आणि कंपनीत संगणकाची बाजू सांभाळणारा एक तरी माणूस पगारावर आहे का, यांवर उत्तराचा बराचसा भाग फिरतो. माल आजही बांधावरच विकला जात असेल आणि दाखला मागणारे कोणी नसेल, तर हा सगळा खटाटोप एक-दोन वर्षे पुढे ढकलला तरी काही बिघडत नाही.

आता विकेंद्रित ओळखीत नेमके काय घडते ते पाहू. सभासदाच्या फोनमध्ये गणिताने जोडलेल्या दोन किल्ल्या तयार होतात. खासगी किल्ली फोनमध्येच राहते आणि सार्वजनिक किल्ली कोणालाही देता येते. खासगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने तपासता येते, पण सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली शोधून काढता येत नाही. या सार्वजनिक किल्लीपर्यंत नेणारा जो पत्ता असतो त्याला डीआयडी म्हणतात आणि त्याचे मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. पण नुसत्या डीआयडीवरून माणसाबद्दल काहीच कळत नाही. ही किल्ली ज्याच्याकडे आहे तो आता माझ्याशी बोलतो आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. तो केळी पिकवतो, तो आपला सभासद आहे, त्याने मागच्या हंगामात इतका माल दिला, हे सांगायला त्या डीआयडीच्या नावाने दुसऱ्या कोणीतरी सही करून दाखला द्यावा लागतो. अशा दाखल्यांचे मानक त्याच संस्थेने २०१९ मध्ये आणले आणि त्याची दुसरी आवृत्ती २०२५ मध्ये आली.

शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखीच ही रचना आहे. शाळा दाखला देते, विद्यार्थी तो स्वतःजवळ ठेवतो आणि तिसरीच कोणी संस्था शिक्का-सही पाहून त्यावर विश्वास ठेवते. शाळेचे रजिस्टर शाळेतच राहते. दाखल्याला किंमत येते ती शाळेच्या नावामुळे. कागद कोणत्या गिरणीत तयार झाला याला कोणी विचारत नाही. म्हणून आपल्या बाबतीत दाखला देणारी संस्था आपली उत्पादक कंपनी असली पाहिजे, वॉलेट बनवणारी कंपनी नव्हे. प्रस्तावात ‘दाखला देणारा’ म्हणून कोणाचे नाव आहे, ते सर्वांत आधी पाहावे.

एक दाखला जवळून पाहिला तर ही गोष्ट अधिक नीट कळेल. समजा, आपण सभासदाला पुरवठ्याचा दाखला दिला. त्यात वरच्या बाजूला आपल्या कंपनीचा डीआयडी, खाली सभासदाचा डीआयडी, मग ‘मृगबाग, क्षेत्र १ हेक्टर, पुरवठा २४ टन’, दिलेल्याची तारीख, मुदत, आणि शेवटी सही म्हणून अक्षरे-अंकांची एक लांब माळ असते. कोणी २४ चे ४२ केले तर सही जुळत नाही आणि तपासणाऱ्या ॲपमध्ये दाखला लगेच अमान्य दिसतो. मुंबईत बसलेल्या निर्यातदाराला यासाठी आपल्या कार्यालयात फोन करावा लागत नाही, आणि सभासदाने कोणाकोणाला दाखला दाखवला हे आपल्यालाही कळत नाही. नव्या पद्धतींत दाखल्यातील प्रत्येक नोंद वेगवेगळी उघडता येते, म्हणजे बँकेला क्षेत्र आणि उत्पादन दाखवून भाव झाकून ठेवता येतो. प्रस्तावातील माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि यासाठी सभासदाची कोणतीही माहिती ब्लॉकचेनवर जावी लागत नाही.

येथे आधारचा विषय येतोच, आणि खान्देशात तो जरा जास्तच येतो, कारण देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे वाटले गेले. आधार ही केंद्रीय ओळख आहे आणि विकेंद्रित ओळख तिच्या विरुद्ध टोकाला आहे, अशी मांडणी विक्रेते करतात. मी ती मान्य करत नाही. केंद्रीय व्यवस्थेचा एक फार मोठा गुण आहे: फोन हरवला, घर जळाले, कागद पुरात वाहून गेले, तरी माणूस केंद्रावर जाऊन आपली ओळख परत मिळवू शकतो. शिवाय आधार कार्डावरील क्यूआर कोड हा स्वतःच सही केलेला दाखला आहे. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, छायाचित्र आणि आधारचे फक्त शेवटचे चार अंक असतात, त्यावर आधार देणाऱ्या प्राधिकरणाची डिजिटल सही असते आणि इंटरनेट नसतानाही ती तपासता येते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यांवर, जिथे नेटवर्क मिळेल याची खात्री नसते, तिथे हीच पद्धत उपयोगी पडते. एकाच माणसाची दोनदा नोंद होऊ नये यासाठी सभासद करून घेताना हा क्यूआर तपासावा आणि तिथेच थांबावे. आधार कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशी ऑफलाइन पडताळणी करणाऱ्याला आधार क्रमांक गोळा करणे, वापरणे किंवा साठवणे यांना मनाई आहे. आपल्या प्रस्तावात आधार क्रमांक साखळीवर नेण्याचा उल्लेख आहे. तेवढ्या एका वाक्यासाठी मी तो प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत पाठवला असता.

यावर विक्रेत्याकडून उत्तर येईल की क्रमांक जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा हॅश ठेवतो, आणि हॅशवरून मूळ क्रमांक काढता येत नाही. हे उत्तर ऐकून पुष्कळ संचालक मंडळे समाधानी होतात, म्हणून मी थोडे सविस्तर लिहिते. हॅश म्हणजे कोणत्याही मजकुरापासून काढलेली ठरावीक लांबीची खूण. खुणेवरून उलटे जाता येत नाही हे खरे, पण सगळे संभाव्य क्रमांक घेऊन प्रत्येकाची खूण काढून जुळवून पाहता येते. आधार क्रमांक बारा अंकी असतो, पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून ठरतो, त्यामुळे एकूण शक्यता सुमारे ८,००० कोटी उरतात. हा आकडा माणसाला प्रचंड वाटतो, पण खेळांसाठी विकत मिळणारे चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी हॅश काढते, म्हणजे संपूर्ण यादी तपासून व्हायला मिनिटेसुद्धा फार लागत नाहीत. मोबाईल क्रमांकांची स्थिती याहून कमकुवत आहे, कारण तिथे शक्यता ४०० कोटींच्या आतच संपतात. हॅश काढण्यापूर्वी प्रत्येक क्रमांकाला वेगळा गुप्त मजकूर जोडला तर संरक्षण मिळते, पण मग तो गुप्त मजकूर कुठेतरी सांभाळावा लागतो, आणि ज्याच्याकडे तो आहे त्याच्यावर विश्वास टाकावाच लागतो. सार्वजनिक साखळीवर एकदा गेलेली खूण पुढे कधीही काढता येत नाही, हे यात सर्वांत गंभीर आहे.

नाव काढून टाकले तरी तीच अडचण राहते. गट नंबर आणि गावाचे नाव एवढे कळले की शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा कोणालाही पाहता येतो आणि खातेदाराचे नाव समोर येते. म्हणून ‘आम्ही नाव ठेवत नाही, फक्त गट नंबर ठेवतो’ या वाक्याने कोणतेही संरक्षण होत नाही.

आता ज्या माहितीबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते तिच्याकडे येते. सभासद आणि संचालक आधार क्रमांकाची चिंता करतात, ती रास्तच आहे. पण केळी उत्पादकाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक माहिती लागवडीची आणि कापणीची तारीख आहे. घड भरला की बाग फार दिवस थांबवता येत नाही. काही दिवस पुढे ढकलता येतो, त्यापलीकडे घड झाडावरच पिकायला लागतो आणि मालाची प्रत उतरते. रावेर-यावल पट्ट्यात भाव सतत हलत असतो, बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे सगळ्यांचे कान असतात, आणि नवती, पिलबाग, वापसी असे मालाचे वेगवेगळे भाव निघतात. अशा बाजारात पुढच्या दहा दिवसांत कोणत्या गावात किती बाग कापणीला येणार हे ज्याला आधी कळते, त्याच्याच हातात बोलणीची सूत्रे जातात. उतिसंवर्धित रोपांची लागवड कधी झाली हे माहीत असले तर साधारण वर्षभराने कापणी येणार हा हिशेब कोणालाही करता येतो. एका शेतकऱ्याची तारीख व्यापाऱ्याला कळली तर फारसे बिघडत नाही, बाग डोळ्यांना दिसतच असतो. शेकडो सभासदांच्या तारखा एका जागी, संगणकाला वाचता येतील अशा स्वरूपात मिळाल्या तर संपूर्ण पंचक्रोशीच्या मालाचा अंदाज हातात येतो. कुकुंबर मोझॅकसारख्या रोगाने कोणत्या गटातील झाडे उपटावी लागली, हीसुद्धा तशीच माहिती आहे.

म्हणून ‘माहिती विकून शेतकऱ्याला पैसे मिळतील’ या मुद्द्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहते. एकट्या सभासदाच्या माहितीला बाजारात जवळजवळ काहीच किंमत नाही, एकत्रित माहितीला आहे. ती एकत्र करण्याची जागा आपली उत्पादक कंपनी आहे आणि तिचा पहिला उपयोग आपल्याच मालाची कापणी गावागावांत विभागून लावण्यासाठी आणि खरेदीदाराशी आधी भाव ठरवण्यासाठी व्हायला हवा. जी माहिती स्वतःजवळ ठेवल्याने भावात फायदा होतो, ती थोड्या पैशांसाठी त्रयस्थाला विकणे सभासदांच्या हिताचे आहे असे मला वाटत नाही. सभासद स्वतः ‘विका’ म्हणाला, तरी त्याच्या शेजाऱ्याचा माल त्याच बाजारात जातो, हे विसरून चालणार नाही. म्हणून असा निर्णय एकेका सभासदाच्या मोबाईलवरील बटणावर सोडू नये. सर्वसाधारण सभेत ठराव करूनच घ्यावा.

कायदा याबाबत काय म्हणतो? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हायच्या आहेत. हा कायदा माणसाला त्याच्या माहितीचा जमिनीसारखा मालक ठरवत नाही. कोणती माहिती घेतली आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा, पुसून घेण्याचा, संमती मागे घेण्याचा, तक्रार करण्याचा आणि आपल्या पश्चात हे हक्क कोणी वापरावेत याचे नामनिर्देशन करण्याचा अधिकार तो देतो. आपली माहिती एका सेवेतून काढून दुसऱ्या सेवेत न्यायचा अधिकार २०१९ च्या विधेयकात होता, तो अंतिम कायद्यात राहिला नाही. म्हणून ती तरतूद आपल्याला करारातच करून घ्यावी लागेल. विक्रीचा भाव ही माहिती सभासदाची जितकी आहे तितकीच व्यापाऱ्याची आहे, तेव्हा एकट्याच्या मालकीची भाषा तिथे लागू पडत नाही. कायद्याच्या दृष्टीने सभासदांची माहिती गोळा करणारी आणि तिचा हेतू ठरवणारी संस्था आपली उत्पादक कंपनी असेल. माहिती फुटली तर डेटा संरक्षण मंडळाला आणि सभासदांना कळवण्याची जबाबदारी आपल्यावर येईल, आणि योग्य सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तंत्रज्ञान पुरवणाऱ्याचे नाव पुढे करून ही जबाबदारी टळत नाही. पुसून टाकण्याचा हक्क आणि कधीही न पुसली जाणारी साखळी यांचा मेळ बसत नाही, हेही यात आलेच.

मग साखळीवर काहीच ठेवू नये का? आपल्या कंपनीची सार्वजनिक किल्ली आणि रद्द केलेल्या दाखल्यांची यादी ठेवता येईल, कारण त्यात कोणत्याही माणसाची माहिती येत नाही. पण एवढ्यासाठी ब्लॉकचेनची गरजच आहे असे नाही. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किल्ली ठेवण्याची पद्धतही डीआयडीच्या चौकटीत मान्य आहे. तिचा खर्च डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदवलेल्या नावाच्या, वार्षिक नूतनीकरणाएवढा असतो. तिच्यातील धोका एकच: नूतनीकरण विसरले आणि डोमेन दुसऱ्याने घेतले, तर आपल्या नावाने तो किल्ली बदलू शकतो. डोमेन कंपनीच्या नावावर असावे, संकेतस्थळ बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर नव्हे, ही साधी काळजी मी प्रत्येक ठिकाणी घ्यायला सांगते.

आता मोबाईल हरवण्याचा प्रश्न. आपण तो शेवटच्या ओळीत विचारला आहे, पण माझ्या मते योजनेचे यश त्यावरच ठरते. विकेंद्रित व्यवस्थांत ‘पासवर्ड विसरलात?’ असे बटण आपोआप मिळत नाही. समाजमाध्यमांत याचे वेगवेगळे नमुने आज चालू आहेत आणि त्यांच्याकडून पुष्कळ शिकता येते. नॉस्टर या जाळ्यात तुमची किल्ली हीच तुमची ओळख असते. ती हरवली तर ओळख गेली, चोरीला गेली तर चोर कायमचा तुमच्या नावाने बोलतो. मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर जाताना अनुयायी सोबत येतात, पण आधी लिहिलेले मागेच राहते. ब्लूस्कायवर वापरकर्त्याला जास्त अधिकाराची वेगळी किल्ली स्वतःजवळ ठेवता येते आणि कोणी परस्पर बदल केला तर ७२ तासांत तो उलटवता येतो. मात्र त्यासाठी ती किल्ली आधीच काढून नीट ठेवलेली असावी लागते, आणि सर्वसामान्य माणूस हे करत नाही.

आपल्या सभासदांचा विचार करा. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो मुलाच्या हातात असतो. सातबारावर आईचे किंवा बायकोचे नाव असते, भागभांडवल तिच्या नावाने असते, आणि किल्ली मात्र मुलाच्या फोनमध्ये तयार होते. उद्या घरात वाटणीवरून वाद झाला तर जिच्या नावाने दाखला आहे तिलाच तो वापरता येणार नाही. हे टाळायचे असेल तर किल्ली हरवू नये यावर भर देण्यापेक्षा ती हरवणारच असे धरून चालावे. सभासद स्वतः कार्यालयात आला, आधारचा क्यूआर तपासला, एक संचालक आणि त्याच गावातील एक सभासद यांनी ओळख पटवली, की जुना दाखला रद्द यादीत टाकून नव्या किल्लीवर नवा दाखला द्यायचा, अशी लेखी पद्धत ठरवावी. मृत्यूनंतर वारसाला सभासदत्व देताना हाच मार्ग वापरता येतो. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना छायाचित्र आणि सही केलेला क्यूआर छापलेले कार्ड द्यावे. कार्डाने दाखला खरा आहे हे कळते, धारक तोच आहे का हे छायाचित्रावरून पाहावे लागते. फोनएवढी खात्री यात नाही, पण बांधावरच्या कामाला ते पुरते.

दाखले देणाऱ्या किल्लीचे, म्हणजे आपल्या कंपनीच्या किल्लीचे महत्त्व याहून मोठे आहे, कारण ती ज्याच्या हाती जाईल तो कोणालाही आपला सभासद ठरवू शकतो. कंपनी निबंधकांकडे विवरणपत्रे भरण्यासाठी संचालकांचे जे डीएससी टोकन, म्हणजे डिजिटल सहीचे छोटे उपकरण, असते, ते आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सीएच्या कार्यालयात पडून असते. या किल्लीच्या बाबतीत तसे अजिबात होऊ देऊ नये. दोन संचालकांनी स्वतंत्रपणे मंजुरी दिल्याशिवाय दाखला निघणार नाही अशी रचना मागून घ्यावी, आणि संचालक बदलले की किल्लीही बदलण्याचा ठराव त्याच सभेत करावा.

विक्रेत्याची परीक्षा कशी घ्यावी, तेही सांगते. प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्यांना त्यांच्या ॲपमधून एक नमुना दाखला काढायला सांगावे आणि तो त्यांच्याशी संबंध नसलेल्या, त्याच मानकावर चालणाऱ्या दुसऱ्या वॉलेटमध्ये घेऊन तिथे तपासून दाखवायला सांगावे. मग त्यांचा सर्व्हर बंद आहे असे समजून तोच दाखला पुन्हा तपासावा. दोन्ही वेळा दाखला मान्य झाला तर व्यवस्था खरोखर विकेंद्रित आहे. ‘आमच्याच ॲपमध्ये उघडेल’ किंवा ‘पुढच्या आवृत्तीत येईल’ असे उत्तर आले, तर नाव काहीही असले तरी सभासदांची ओळख त्या कंपनीच्या ताब्यात राहणार आहे. ही परीक्षा तासाभरात होते आणि तिच्यासाठी कोणा तज्ज्ञाला बोलावण्याची गरज नाही.

बँकेसाठी आर्थिक माहिती द्यायची असेल तर त्यासाठी नवे काही उभारू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या निर्देशांवर आधारलेली अकाउंट ॲग्रीगेटर व्यवस्था २०२१ पासून चालू आहे. तिच्यात हेतू आणि मुदत नमूद करून संमती दिली जाते आणि मधली संस्था माहिती वाचू शकत नाही. जमिनीसाठी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आहे, पिकासाठी ई-पीक पाहणीची नोंद आहे, शासकीय योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आहे. जे दाखले शासन देते ते आपण पुन्हा देऊ नयेत. सभासदत्व, कंपनीला दिलेला माल, त्याची प्रत आणि शेतावर पाळलेली पद्धत, एवढेच आपल्या कंपनीला प्रत्यक्ष माहीत असते. तेवढ्याच गोष्टींवर आपली सही शोभते.

आपल्या जागी मी असते तर संचालक मंडळाला असे सुचवले असते: करार लगेच करू नये, नाकारूही नये. एका गावातील इच्छुक सभासद घेऊन एका हंगामापुरता फक्त पुरवठ्याचा दाखला देऊन पाहावा, आणि त्याआधी निर्यातदार व बँक या दोघांकडून तो दाखला ग्राह्य धरण्याबद्दल लेखी घ्यावे. ते पत्र मिळत नसेल तर दाखला कितीही निर्दोष असला तरी सभासदाला त्याचा उपयोग नाही. करारात साखळीवर वैयक्तिक माहिती जाणार नाही, दाखले उघड्या मानकानुसार असतील, देणारी किल्ली उत्पादक कंपनीकडे राहील, लागवड-कापणीच्या तारखा त्रयस्थाला एकत्रित स्वरूपातही दिल्या जाणार नाहीत, आणि करार संपल्यावर ठरलेल्या मुदतीत सगळ्या नोंदी परत देऊन स्वतःकडील प्रती पुसल्याचे लेखी दिले जाईल, ही कलमे असावीत. मसुदा हाती आला की दरपत्रक बाजूला ठेवून आधी करार संपुष्टात येण्याचे कलम आणि माहितीच्या ‘इतर वापराचे’ कलम वाचावे. ही दोन कलमे बहुधा शेवटच्या पानांवर असतात आणि ‘सेवा सुधारण्यासाठी’ अशा शब्दांत सगळ्या वापराची मुभा तिथेच घेतलेली असते; ते शब्द मसुद्यात असले तर खोडून, त्या जागी कोणती माहिती, कोणत्या कामासाठी आणि किती दिवस, हे लिहून घ्यावे.